मॉरिशस, एसटीच्या सवयीने

मॉरिशसला निघालोय म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारलं, 'दुसरा हनिमून का?' निघालो होतो तिघं. मी, बायको आणि बहात्तर वर्षांची आई. आईच्या गुडघ्यांमुळे पाण्यातले खेळ बाद, माझ्या खिशामुळे रोजची भाड्याची गाडी बाद. उरली बस. आठ दिवसांतले सहा आम्ही बसने आणि मेट्रोने फिरलो. जमतं, पण कुठे जमत नाही ते आधी कळलेलं बरं.

मुंबईहून थेट विमान आहे, साडेसहा-सात तास. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं. भारतीय पासपोर्टला पर्यटनाचा व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, पण परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून हातात ठेवा. निघण्याआधी त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तो काउंटरवर उभं राहून भरायची वेळ आणू नका. औषधांच्या बाबतीत ते लोक कडक आहेत. आईच्या गोळ्या आम्ही मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट नेल्या होत्या.

विमानतळावरून क्युअरपीपमार्गे राजधानी पोर्ट लुईला जाणारी बस आहे. बॅगा घेऊन तिच्यात चढायच्या भानगडीत पडलो नाही, टॅक्सी केली. मीटरवर विसंबू नका, भाडं आधी ठरवा.

मुक्काम फ्लिक-ऑं-फ्लॅकला, पश्चिम किनाऱ्यावर. हा निर्णय नशिबाने बरोबर आला. आम्ही गणपतीच्या आधी गेलो, म्हणजे तिथला हिवाळा. तेव्हा आग्नेयेकडून वारा सुटतो आणि पूर्व किनाऱ्याला झोडपतो, पश्चिमेचं पाणी मात्र शांत राहतं. पूर्वेला एक दिवस हरणांच्या बेटावर, इल-ओ-सेर्फला गेलो तर होडीत तिघं चिंब, आणि आई दिवसभर शालीत. जानेवारी ते मार्च वादळांचा मोसम, तेव्हा नकोच.

मॉरिशस उभं साधारण पासष्ट किलोमीटर, आडवं पंचेचाळीस. नकाशा बघून वाटतं, हे काय, पुणे-लोणावळा! पण बस प्रत्येक गावात शिरते. फ्लिक-ऑं-फ्लॅकहून कात्र बोर्नला बस, तिथून मेट्रो, की पोर्ट लुई. मेट्रो २०१९च्या शेवटी अर्ध्या मार्गावर सुरू झाली, आता क्युअरपीपपर्यंत जाते. स्वच्छ आणि वेळेवर. क्युअरपीप समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. किनाऱ्यावर ऊन असलं तरी तिथे भुरभुर पाऊस आणि गारठा. स्वेटर ठेवा.

पोर्ट लुईत बसस्थानकं दोन, आणि चुकायचं ठिकाण हेच. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या गाड्या व्हिक्टोरियाहून, उत्तरेच्या, म्हणजे पाम्प्लेमूस, ग्रां बेच्या, इमिग्रेशनहून. बसमध्ये कंडक्टर येऊन तिकीट देतो. सुटे ठेवा, मोठ्या नोटेला तो जे तोंड करतो ते थेट आपल्या एसटीतलं. तिथल्या म्हाताऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना प्रवास फुकट असतो. नऊवारीतल्या आईला पहिल्या दिवशी कंडक्टरने तिकीटच विचारलं नाही. मी प्रामाणिकपणे पैसे पुढे केले, तर आईने मला कोपर मारलं.

कात्र बोर्नच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी आईला विचारलं, 'तुम्ही मराठी?' त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून आलेले. पुढचं बोलणं थोडं मराठी, थोडं हिंदी आणि बाकी तिथली क्रिओल बोली असं चाललं, तरी दोघींना सगळं कळत होतं. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातली जाकडी तिथे झाकरी म्हणून अजून नाचली जाते, हे त्यांच्याकडून कळलं.

म्हणून पोर्ट लुईतला आप्रवासी घाट चुकवू नका, मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाजवळच आहे. १८३४ पासून जवळपास पाच लाख भारतीय मजूर करारावर इथे आणले गेले. ज्या सोळा पायऱ्या चढून ते आत आले त्या अजून आहेत. आई तिथे बराच वेळ बसून होती. आम्हीही घाई केली नाही.

बस फसली ती रविवारी. पाम्प्लेमूसच्या बागेत ताटाएवढी, खरं तर परातीएवढी, कमळाची पानं बघत रेंगाळलो. रविवारी गाड्या कमी असतात. संध्याकाळी पोर्ट लुईला पोचलो तर आमच्या बाजूची शेवटची बस गेलेली. टॅक्सीला जे मोजले त्यात दोन दिवसांचं जेवण झालं असतं. सूर्य मावळायच्या आधी शेवटच्या गाडीत बसलेले असा, एवढंच लक्षात ठेवा.

आणि दक्षिण-पश्चिमेला बसचा हट्ट सोडा. गंगा तलाव, शामारेलची सातरंगी माती, ब्लॅक रिव्हरची दरी हे एका दिवसाच्या टॅक्सीत बसतं. गंगा तलावाची १०८ फुटी शिवमूर्ती दुरूनच दिसते, मला तलाव जास्त आवडला. पोटाची काळजी असलेल्यांनी शामारेलच्या वळणांआधी नाश्ता हलका ठेवावा.

समुद्रात उतरताना पाण्यातले बूट घाला. प्रवाळाच्या कड्यामुळे बहुतेक ठिकाणी किनाऱ्याजवळ मोठ्या लाटा नसतात, पण तळाला काटेरी समुद्री साळू असतात. बायकोने ऐकलं, मी नाही. दोन दिवस लंगडलो.

खाण्यात ढोल पुरी. डाळीचं पुरण भरलेली मऊ पोळी, जोडीने मिळते, वर घेवड्याची उसळ आणि तिखट चटणी. आईचं मत, 'पुरणपोळीच आहे, गूळ घालायचा विसरलेत.' गातो पिमां म्हणजे आपले डाळवडेच, आणि आलूदा फालुद्याचा भाऊ. तिथला रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांचा. यूपीआय २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे सुरू झालं खरं, पण खाण्याच्या हातगाडीवाल्याकडे आणि बसमध्ये रोकडच.

परतीच्या दिवशी व्हॅनिलाचा बोआ शेरी चहा घ्यायचा असेल तर गावातल्या सुपरमार्केटमधून घ्या. आम्ही विमानतळावर घेतला.