तुर्की शिकताना मराठी कुठे कामी येते

इस्तंबूलला येऊन तुर्की शिकणार असाल, तर विभक्तीची धास्ती आधी सोडा. शब्दाच्या मागे प्रत्यय जोडायची सवय आपल्याला बालपणापासून आहे. बोटीने काडीकॉयला जायचं तर ‘काडीकॉय-ए’, तिथे राहायचं तर ‘काडीकॉय-दे’, तिथून परतायचं तर ‘काडीकॉय-देन’. आपले ‘ला’, ‘त’ आणि ‘हून’च की! त्यात लिंगाची भानगड नाही, आणि घोडा–घोड्याला असं सामान्यरूपही नाही. फक्त प्रत्ययातला स्वर शब्दातल्या शेवटच्या स्वराप्रमाणे बदलतो: घरात ‘एव्हदे’, पण शाळेत ‘ओकुलदा’. हे कानाला लवकर पटतं.

कर्माचा प्रत्यय मात्र वेगळ्या कारणाने लागतो. मराठीत ‘मुलाला पाहिलं’ पण ‘पुस्तक वाचलं’. आपण बहुधा सजीव-निर्जीव बघतो. तुर्की माणूस बघतो ते ठरावीक आहे की नाही. ‘किताप ओकुयोरुम’ म्हणजे नुसतं वाचन चाललंय; ‘किताबी ओकुयोरुम’ म्हणजे तेच, आपल्या बोलण्यातलं पुस्तक.

खरी मेहनत लागते ती जोडशब्दांना. राजाचा वाडा म्हणताना आपण ‘चा’ गाळला की ‘राजवाडा’ तयार. तुर्कीत पहिल्या शब्दाचा प्रत्यय असाच गळतो, पण दुसऱ्या शब्दावर ‘सी’, ‘सु’ किंवा ‘ई’ अशी एक खूण राहतेच. ‘क्योप्रु’ म्हणजे पूल, पण गलाताचा पूल ‘गलाता क्योप्रुसु’. बँक ‘बांका’, पण पाटीवर ‘झिराअत बांकासी’. चहाची बाग ‘चाय बाहचेसी’. शहरभरच्या पाट्या हाच धडा गिरवून घेतात, म्हणून सुरुवातीला पुस्तकापेक्षा पाट्या जास्त वाचा, असं मी आग्रहाने सांगेन. पहिल्या शब्दालाही षष्ठी लावली की अर्थ बदलतो: ‘चोजुक किताबी’ म्हणजे मुलांसाठीचं पुस्तक, ‘चोजुउन किताबी’ म्हणजे त्या अमुक मुलाचं.

या खुणेपुढे विभक्ती आली की मध्ये ‘न’ येतो. रस्ता ‘जाद्दे’, रस्त्यावर ‘जाद्देदे’. पण इस्तिकलाल रस्त्यावर ‘इस्तिकलाल जाद्देसिन्दे’. हा ‘न’ पाठ करूनच जिभेवर बसतो, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. आणि ‘माझी’ म्हणायचं झालं तर ती खूण निघून जाते, तिच्या जागी ‘म’ येतो: तुर्की कॉफी ‘त्युर्क काहवेसी’, माझी तुर्की कॉफी ‘त्युर्क काहवेम’.