शीर्षकपृष्ठावरचे तेच नाव

शाळेने मला काय दिले, याचे उत्तर मी एका नावात देऊ शकतो, आणि ते नाव आहे मुलांसाठी लिहिणारे लेखक भा. रा. भागवत. ते आपल्या शाळेचे विद्यार्थी नव्हते की शिक्षकही नव्हते, तरीही माझ्या शालेय जीवनात त्यांचे स्थान कोणत्याही शिक्षकाइतकेच मोठे आहे. म्हणून या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी त्यांच्याविषयीच लिहीत आहे.

सहावीत असताना भागवतांच्या साहसकथांचा नायक फास्टर फेणे मला प्रथम भेटला तो आपल्या ग्रंथालयात. बनेश फेणे हे त्याचे खरे नाव, गाव पुण्याजवळचे फुरसुंगी, शिक्षण पुण्याच्या विद्याभवनात, अंगाने किडकिडीत आणि सायकलवर बसला की कोणाला हाती न लागणारा. काही विलक्षण दिसले किंवा सुचले की तो तोंडाने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढी, आणि आमच्या वर्गातली निम्मी मुले त्या काळात तोच आवाज काढत वावरत असत. तोपर्यंत साहस म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर इतिहासातला मावळा येई, नाहीतर परदेशातला कोणी गुप्तहेर. हडपसरच्या पलीकडच्या गावातला, वसतिगृहात राहणारा, आमच्यासारखाच मराठी शाळेत शिकणारा मुलगा चोरांचा माग काढतो आणि संकटात उडी घेतो, ही कल्पनाच आम्हांला नवी होती. भागवतांचे मोठेपण मला इथे दिसते. त्यांनी आपल्या नायकाला ना दैवी शक्ती दिली, ना श्रीमंत घर दिले. त्याला दिली ती तीक्ष्ण नजर, सायकल आणि सुभाष देसाईसारखा मित्र. या शिदोरीवर तो प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत जाऊन आला आणि त्याच्या कथांची वीस पुस्तके झाली.

ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंची पुस्तके लावण्याची पद्धत वेगळी होती. गोष्टी, विज्ञान, चरित्रे असे गट न करता त्या बालविभागातली पुस्तके लेखकाच्या नावाने लावीत. त्यामुळे ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ या पुस्तकाला लागूनच ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ उभे असे. पुण्यातला शाळकरी मुलगा आणि धूमकेतूवर अडकून अंतराळात भरकटणारी माणसे यांचा एकमेकांशी संबंध काय, असे मला वाटे. खाकी कव्हर घातलेले ते दुसरे पुस्तक उघडल्यावर शीर्षकपृष्ठावर तेच नाव दिसले, आणि मूळ लेखक म्हणून ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराचे. आपला लाडका लेखक हा आधी दुसऱ्या कोणाचा तरी वाचक आहे, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ हीही हाती आली. बाई केवळ पुस्तक देऊन थांबत नसत. पाताळलोकची यात्रा वाचून परत करायला गेलो, तेव्हा त्यांनी नकाशांचे पुस्तक टेबलावर पसरले आणि व्हर्नचे प्रवासी पृथ्वीच्या पोटात कुठे शिरले व कुठे बाहेर पडले, ते शोधायला सांगितले. आइसलँडमधल्या स्नेफेल्स या ज्वालामुखीवर एक बोट आणि इटलीजवळच्या स्ट्रॉम्बोली बेटावर दुसरे बोट ठेवल्यावर मधला अख्खा युरोप माझ्या पंज्याखाली आला. चंद्राच्या पुस्तकाच्या वेळी त्यांनी सांगितले, की व्हर्नने 1865 साली आपला तोफगोळा फ्लोरिडातून उडवला होता आणि त्यात तीन माणसे बसवली होती. 1969 मध्ये अपोलो 11 निघाले तेही फ्लोरिडातून, आणि त्यातही तिघेच होते. व्हर्न स्वतः अफाट वाचणारा होता आणि शास्त्रीय नियतकालिके चाळून टिपणे काढत असे, हेही मला त्यांच्याकडूनच कळले.

भागवतांचा जन्म 1910 चा आणि निधन 2001 मधले. या दीर्घ आयुष्यात त्यांनी मुलांसाठी ‘बालमित्र’ हे मासिक चालवले, कादंबऱ्या लिहिल्या, परक्या भाषांतली साहसे मराठीत आणली. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहीत, त्यामुळे त्या घरात मुलांचे वाङ्मय हे दुय्यम दर्जाचे काम मानले जाणे शक्यच नव्हते. अनुवाद हे त्यांचे जोडकाम आणि फास्टर फेणे हे मुख्य, अशी विभागणी अनेकजण करतात. मला ती मुळीच पटत नाही. प्रकरणाच्या शेवटी वाचकाला कड्याच्या टोकाशी उभे करावे, शास्त्रातली गोष्ट कथेच्या ओघातच सांगावी आणि मुलाला कधीही बाळबोध समजू नये, ही व्हर्नच्या पानापानांत दिसणारी रीत फेणेच्या कथांतही ठायी ठायी आढळते. परक्याचे मराठीत आणताना हात ज्या वळणाला लागला, त्याच वळणाने त्यांनी स्वतःचे लिहिले, असे मी मानतो. वाचनाचे वेड असलेला बिपिन बुकलवार हा त्यांचा दुसरा नायक तर मला त्यांचे आत्मचित्रच वाटतो.

1980 च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने फास्टर फेणे साकारला. 2017 च्या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाला आणि दिलीप प्रभावळकरांनी स्वतः भागवतांची भूमिका केली. एखाद्या बालसाहित्यिकाला त्याच्याच पात्राबरोबर पडद्यावर स्थान मिळावे, याचा मला फार आनंद झाला.

आज शाळेत शिकणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना फेणे ठाऊक असेल तो या चित्रपटामुळे. त्यांना माझे सांगणे इतकेच आहे, की फेणेचे कोणतेही एक पुस्तक संपवल्यावर लगेच दुसऱ्या फेणेकडे न जाता मध्ये ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ घ्यावे, आणि वाचताना शेजारी नकाशांचे पुस्तक जरूर उघडे ठेवावे.