जेवून जा

दुपारी अडीचची वेळ. इंदुरात जवाहर मार्गामागच्या गल्लीत, बँडवाल्याच्या दुकानात एक जण बनियनवर बसून क्लॅरनेट वाजवत होता. मागे खुंटीला सोनेरी झालरीचा लाल कोट. वाजवत होता ते वरातीतलं नव्हतं. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी शेवटच्या सुरावर घसरत होता.

‘कौनसा गाना है, भिया?’

‘ईसाइयों का है. कल एक मिट्टी में बजाना है.’

मी ते लगेच ओळखलं. ‘अबाइड विथ मी’, म्हणजे ‘माझ्यापाशी राहा’. रामबागेतल्या आमच्या वाड्यात टीव्ही एकच होता. २९ जानेवारीला बीटिंग रिट्रीट लागलं की बाबांसमोर कोणी खोकायचंसुद्धा नाही. दिल्लीत अंधारून यायचं, उंट वर रांगेत उभे, बँड ही धून धरायचा आणि कुठून तरी लांबून घंटा तिला ओ द्यायच्या. आजी वाती वळता वळता दर वर्षी विचारायची, ‘कोण गेलं रे?’ ‘कोणी नाही गेलं, गांधीजींची आवडती प्रार्थना आहे,’ बाबा वैतागायचे. तरी धून संपेपर्यंत आजीचा हात थांबलेला असे. (२०२२ साली ती धून त्या कार्यक्रमातून गेली. बाबा असते तर पत्र लिहिलं असतं.)

अर्थ सांगितला शेजारच्या सिस्टरबाईंनी. त्या नगरकडच्या, नर्स. रविवारी पेटी काढून रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणायच्या. आजीला बरेच दिवस ती ख्रिस्ताची आहेत हे कळलंच नव्हतं. कळल्यावर म्हणाली, ‘असू दे, वळण तर तुकोबांचंच आहे.’

गोष्ट बायबलातली, लूकच्या शुभवर्तमानातली. दोघे जण यरुशलेमहून अम्माऊस गावी पायी निघालेले. वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला आला. गाव आलं तेव्हा त्यानं पुढे जायचं आहे असं दाखवलं. हे दोघे म्हणाले, छे, दिवस कलला, आता कुठे जाता, राहा आमच्याकडे. जेवायला बसल्यावर त्यानं भाकर मोडली आणि तेव्हा कुठे ओळख पटली, हा येशू.

आजी यावर एकदम खूश. ‘बघ! दिवेलागणीला कोणाला जाऊ देऊ नये ते याचसाठी.’ ती तर बोहारणीलासुद्धा अडवायची. मला मात्र दारात ताटकळणारे पाहुणे तेव्हाही सहन होत नसत, आताही होत नाहीत. चपला घालून अर्धा तास गप्पा! एक तर जा, नाही तर आत या.

हे गीत लिहिणारा हेन्री लाइट हा इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावाचा पाद्री. क्षयानं पोखरलेला. १८४७ साली उबदार हवेसाठी दक्षिणेकडे निघाला आणि वाटेतच, आजच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नीस इथे गेला. आज सगळे वाजवतात ती चाल विल्यम मंक या संगीतकारानं बांधली १८६१मध्ये; ती लाइटच्या कानावर कधी पडलीच नाही. अम्माऊसचे ते दोघे पाहुण्याला ‘राहा’ म्हणाले होते, ते यजमानाच्या आग्रहानं. लाइटनं तोच शब्द घेतला, पण मरणाऱ्याच्या तोंडी. सांज दाटून येते आहे, माझ्यापाशी राहा. इथे यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे मी क्लॅरनेट ऐकत बराच वेळ जुळवत होतो. जुळलं नाही.

आजीला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा भेटायची वेळ चार ते सहा. सहाला पाच कमी असताना वॉर्डबॉय घंटी वाजवत फिरायचा. मी उठलो. तिच्यापुढे स्टीलच्या ताटलीत पातळ खिचडी होती, निम्मी तशीच. तिनं ती माझ्याकडे सरकवली.

‘जेवून जा.’

‘उद्या,’ मी म्हटलं. खाली रिक्षा उभी होती.