‘किल्ला’ नीट उमटेपर्यंत : आमची वाटचाल

आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका वाड्याच्या तळमजल्यावर आमचे अक्षरजुळणीचे दुकान १९९८ पासून आहे. लग्नपत्रिका, शालेय मार्गदर्शके, दिवाळी अंकांची पाने अशी कामे आम्ही पुण्यातच तयार झालेल्या ‘श्री-लिपी’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर वर्षानुवर्षे केली. २०१९ मध्ये बालवाडीची पुस्तके काढणाऱ्या आमच्या एका जुन्या ग्राहकाने पुस्तकासोबत फोनवर खेळता येईल असा एखादा खेळ करून द्याल का, असे विचारले. छपाईची कामे रोडावली होती आणि नाही म्हणण्याची चैन परवडणारी नव्हती, त्यामुळे खेळ कसा बनवतात याची काडीइतकी माहिती नसताना आम्ही होकार दिला.

खेळाची कल्पना आमचीच होती. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, तसाच फोनवर करायचा. दगड रचायचे, मातीचा लेप द्यायचा, हळीव पेरायचे, मावळे मांडायचे, आणि मुलाने वस्तू जागेवर ठेवली की तिचे नाव ठळक अक्षरांत उमटायचे. माझा भाचा तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. “मामा, सगळे हेच वापरतात,” असे म्हणून त्याने एक मोठे, नामांकित इंजिन, म्हणजे खेळ बनवण्याचे साधन, दुकानातल्या ४ जीबी रॅमच्या संगणकावर चढवले. संगणक सुरू होऊन काम दिसू लागेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, ही पहिली अडचण. पण ती फारशी मोठी नव्हती.

खरी अडचण तिसऱ्या आठवड्यात दिसली. पडद्यावर ‘किल्ला’ हा शब्द आला तेव्हा पहिली वेलांटी ‘क’ला सोडून पुढच्या ‘ल’च्या डोक्यावर बसली होती, आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेला ‘ल’ व त्याच्या शेजारी सुटा ‘ला’ उभा होता. भाच्याला वाटले की फाँट खराब आहे, म्हणून त्याने चार फाँट बदलून पाहिले. मला मात्र गोम पाहताक्षणी कळली, कारण जन्म याच कामात गेला आहे. टंकलेखन यंत्राच्या जुन्या पद्धतीत आम्ही वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर टंकतो, म्हणजे डोळ्यांना जसे दिसते तसे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, मात्र उच्चाराचा क्रम साठवला जातो, आधी ‘क’ आणि मग वेलांटी. ती वेलांटी उचलून ‘क’च्या डावीकडे नेणे आणि ‘ल्’ व ‘ल’ यांचे जोडाक्षर करणे, हे काम पडद्यावर अक्षरे रंगवणाऱ्या प्रणालीने करायचे असते. त्या इंजिनात ती सोयच नव्हती. एकट्या त्याला दोष देता येणार नाही, कारण गोडो या मुक्त, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या, इंजिनाच्या चौथ्या पिढीआधीच्या आवृत्त्यांतही हीच उणीव होती.

आम्ही अक्षरजुळणीवाल्यांना सुचेल तोच उपाय केला. प्रत्येक शब्द आमच्या जुन्या प्रणालीत जुळवून त्याचे चित्र काढले आणि खेळात अक्षरांऐवजी ती चित्रे वापरली. दीडशे शब्दांची दीडशे चित्रे झाली. आपल्या हातच्या जुळणीचे सुबक शब्द पडद्यावर पाहून समाधान वाटले, पण २ जीबी रॅमच्या फोनवर खेळ मध्येच बंद पडू लागला. फाइल लहान असली तरी फोनच्या स्मृतीत चित्र उलगडून बसते, हे आम्हाला तेव्हा समजले : १०२४ बाय ५१२ ठिपक्यांच्या चित्राला प्रत्येक ठिपक्यामागे ४ बाइट, म्हणजे २ एमबी लागतात, आणि आम्ही दीडशेच्या दीडशे चित्रे सुरुवातीलाच उघडून ठेवत होतो. त्यात प्रकाशकाने एका शब्दाचे लेखन बदलायला सांगितले की पुन्हा जुळणी, पुन्हा चित्र, पुन्हा सगळी बांधणी, म्हणजे खेळाचे अॅप नव्याने तयार करणे. पहिला खेळ २०२० मध्ये कसाबसा बाहेर पडला.

त्यानंतर साधन निवडताना आम्ही क्रम उलटा केला. कोणते साधन किती मोठे आहे, त्यात कोणते प्रसिद्ध खेळ झाले, हे पाहणे सोडले आणि दोनच प्रश्न ठेवले : त्यात मराठी शब्द नीट उमटतो का, आणि आमच्याकडे वीस वर्षे अक्षरजुळणी करणाऱ्या ताई त्यावर बसून काम करू शकतील का. दुसरा प्रश्न भाच्याला पटला नव्हता. परंतु त्याची नोकरी लागल्यावर तो हिंजवडीला जाणार हे उघड होते, आणि दुकान ज्या माणसांवर चालते त्यांच्या हातात न बसणारे साधन घेऊन आम्ही काय करणार होतो?

शिकण्याची सुरुवात ताईंनी स्क्रॅचपासून केली. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये मुलांसाठी खुले केलेले हे साधन ठोकळे एकमेकांत अडकवून चालते आणि ते मोफत आहे. त्यातून प्ले स्टोअरवर टाकण्याजोगे अॅप थेट निघत नाही, त्यामुळे व्यवसायासाठी त्याचा उपयोग नाही. पण ‘हे घडले तर ते कर’ अशा रीतीने विचार करण्याची सवय त्याने पंधरा दिवसांत लावली. पुढे कन्स्ट्रक्ट आणि जीडेव्हलप या खेळ बनवण्याच्या दोन्ही साधनांत तीच रीत घटनांच्या तक्त्यात मांडलेली आढळली : डावीकडे अट, उजवीकडे कृती. शिवाय ही दोन्ही साधने ब्राउझरच्या तंत्रावर उभी असल्याने अक्षरे ब्राउझरच रंगवतो, आणि ब्राउझरला मराठी उत्तम येते. ‘किल्ला’ पहिल्याच झटक्यात बरोबर उमटला, तेव्हा ताई एवढेच म्हणाल्या, “आधीच इकडे यायला हवे होते.”

कन्स्ट्रक्टच्या मोफत आवृत्तीत घटनांची संख्या मर्यादित असते आणि पुढे वर्गणी भरावी लागते. जीडेव्हलप मुक्तस्रोत आहे, म्हणून आम्ही ते घेतले. त्याच्याकडूनही मोफत खात्यावर अँड्रॉइडची बांधणी दिवसाला मोजक्याच वेळा करून मिळते, त्यामुळे बारीकसारीक चुका आधी ब्राउझरमध्येच काढून घेण्याची शिस्त आपोआप लागली.

मार्च २०२३ मध्ये गोडोची चौथी पिढी आली आणि तिच्यात अक्षरे आकारणारी हार्फबझ ही प्रणाली अंतर्भूत असल्याने मराठीचा प्रश्न तिथेही सुटला. गोडोचा संपादक एकाच लहानशा फाइलमध्ये मावतो आणि आमच्या जुन्या संगणकावरही चालतो. मात्र त्याची आज्ञा लिहिण्याची स्वतःची भाषा, जीडीस्क्रिप्ट, शिकावी लागते आणि अँड्रॉइडची पहिली बांधणी करताना त्यासाठी लागणारी जावा व एसडीके ही पूरक साधने जुळवण्यात नवख्याचा एक दिवस सहज जातो. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला युनिटी या मोठ्या इंजिनाच्या कंपनीने खेळ उतरवला जाण्याच्या संख्येवर शुल्क लावण्याची घोषणा केली. २ लाख डॉलरचे उत्पन्न आणि खेळ २ लाख वेळा उतरवला जाणे, या मर्यादेच्या जवळपासही आम्ही नव्हतो, आणि वर्षभराने ते शुल्क रद्दही झाले. तरीही चालू करारातल्या अटी अशा बदलू शकतात म्हटल्यावर, वाड्यात भाड्याने राहिलेल्या आमच्यासारख्यांना मुक्त परवान्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागले नाही. मोठी कामे आता आम्ही गोडोवर करतो; ती भाचा शनिवार-रविवारी येऊन पाहतो.

एक चूक सर्वस्वी माझी होती, तीही नोंदवतो. पहिल्या खेळाची सही करण्याची किल्ली, म्हणजे कीस्टोअरची फाइल, एकाच हार्ड डिस्कवर होती आणि ती डिस्क बसली. त्याच किल्लीने सही केल्याशिवाय प्ले स्टोअरवर आमच्या जुन्या खेळाची सुधारित आवृत्ती देता येईना, त्यामुळे तो नव्या नावाने पुन्हा टाकावा लागला आणि जुन्यावरची मते व अभिप्राय गेले. ऑगस्ट २०२१ नंतरच्या नव्या अॅपची मुख्य किल्ली गूगलकडेच राहते, म्हणून आता असा घात सहसा होत नाही. आम्ही तरीही प्रत एका पेनड्राइव्हवर काढून तो दुकानाच्या तिजोरीत, पावतीपुस्तकांच्या खाली ठेवतो.

आज कोणत्याही साधनाची नवी आवृत्ती आली की ताई त्यात एकच ओळ टंकतात, ‘किल्ला, विठ्ठल, श्रीखंड, ज्ञानेश्वरी, पुऱ्या’, आणि ती २ जीबीच्या त्याच जुन्या फोनवर उघडून पाहतात. शेवटचा शब्द त्यांनी मागच्या महिन्यात वाढवला, कारण एका देखण्या नव्या फाँटमध्ये बाकी सगळे ठीक होते आणि ‘ऱ्या’चा मात्र ‘र्या’ झाला होता.