मुदत संपली

गुरुवार, रात्री साडेदहा

आज दुपारी आम्ही एकोणीस विद्यार्थी कुलसचिवांच्या दालनाबाहेर दीड तास ठिय्या देऊन बसलो आणि अखेर निवेदनाच्या प्रतीवर आवक-जावक विभागाची पोच घेऊन परतलो. विद्यापीठाचे नाव येथे लिहीत नाही. लिहून ठेवायचे आहे ते वेगळेच : काल रात्रीचा आमचा बराचसा वेळ निवेदनातल्या एका शब्दावर गेला.

पहिल्या मसुद्यात आम्ही ‘कर्मचारी कपात रद्द करा’ असे लिहिले होते. त्यावर एका अधिकाऱ्यांनी परवाच शांतपणे सांगितले होते की, कपात झालेलीच नाही, कोणालाही काढलेले नाही, करारांची मुदत संपली आहे एवढेच. ते कागदोपत्री खरेही आहे. अकरा महिन्यांचा करार, मध्ये काही दिवसांचा खंड, पुन्हा अकरा महिने, असे वर्षानुवर्षे चालले आणि यंदा फक्त पुढचा आदेश निघाला नाही. जो आदेश निघालाच नाही, त्याचा विरोध कोणत्या शब्दांत करायचा, हे आम्हांला समजेना.

त्याच अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाचा दाखला दिला होता. रीतसर भरतीवाचून नेमलेल्या हंगामी कर्मचाऱ्याला कायम होण्याचा हक्क नाही, हा त्याचा गाभा. आमच्यातल्या विधी शाखेच्या मैत्रिणीने त्याच निकालातला पुढचा भाग शोधून दाखवला : मंजूर रिक्त पदावर, पात्रता असताना, न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षे किंवा अधिक काम केलेल्यांच्या सेवा एकवेळची बाब म्हणून नियमित करण्याचा विचार व्हावा, असेही न्यायालयाने सांगितले होते. आम्ही क्षणभर सुखावलो. पण आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांचा पगार ठेकेदाराकडून येत असे, त्यामुळे तो परिच्छेद त्यांच्या उपयोगाचा नाही, हेही तिनेच सांगितले.

मामांविषयी लिहिल्याशिवाय हे पान पुरे होणार नाही. कोणत्या ब्युरेटची तोटी गळते, कोणता तराजू पावसाळी दमट हवेत भरकटतो, सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण तपकिरी बाटलीत भरून कपाटाच्या कोणत्या अंधाऱ्या खणात ठेवायचे, हे आम्हांला पुस्तकाने नव्हे, त्यांनी शिकवले. तरीही त्यांचा पगार कोण देते, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारले नव्हते. प्रात्यक्षिके अडू लागल्यावर मला त्यांची आठवण झाली, ही गोष्ट मला आजही टोचते. तासिका तत्त्वावरचे आमचे एक सरही यंदा नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपयांपर्यंत आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये मानधन ठरवले होते, सरांच्या हाती त्याच्या निम्मेही पडत नव्हते.

ठिय्यात एकाने शाहू महाराजांचे नाव घेतले. कोल्हापुरात ते कोणत्याही सभेत घेतले जाते, म्हणून मी प्रथम मनात नाक मुरडले. मात्र त्याने १९०२ चा जाहीरनामा काढला, आणि तो जाहीरनामा नोकऱ्यांबद्दलच होता : संस्थानच्या सेवेत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी. रिकामी जागा ही भरण्यासाठी असते, हे त्यात गृहीतच आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये नऊ संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, तेव्हा त्यावर आरक्षणाच्याच मुद्द्यावरून टीका झाली होती आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला.

काल रात्री शेवटी आम्ही ‘कपात’ हा शब्द खोडला होता आणि ‘नेमणुकीचे पुढील आदेश तातडीने काढावेत’ असे लिहिले होते. खाली प्रत्येक कर्मचाऱ्याच्या सेवेची वर्षे नोंदवली होती.

रात्री मामांना निवेदनाचा फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. “परीक्षा तोंडावर आलीय, तुम्ही कशाला यात पडताय?” असे आधी रागावले. मग थोडे थांबून म्हणाले, “चौदा नव्हं, पंधरा लिही बाळा. पहिलं वरीस मी रोजंदारीवर हुतो.” शिक्का पडलेल्या कागदावर आता ते बदलता येत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.