आमच्या आमदारांनी सभागृहात कोणते मत दिले?

कोल्हापुरात आमदाराचे मूल्यमापन करण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. कोणत्या पेठेतला रस्ता झाला, कोणत्या तालमीला निधी मिळाला, दवाखान्याच्या बिलासाठी कोणाच्या पत्राने मदत झाली, थेट पाइपलाइनचा पाठपुरावा कोणी केला, यावरून आपण काम करणारा आमदार कोण आणि न करणारा कोण हे ठरवतो. ही कामे मी कमी लेखत नाही. घरात आजारी माणूस असलेल्या कुटुंबाला विधेयकापेक्षा ते पत्र मोलाचे वाटणारच. परंतु संविधानाने आमदाराकडे सोपवलेले मूळ काम कायदे करण्याचे आहे आणि नेमक्या त्याच कामाचा हिशेब मागण्याचे साधन मतदाराच्या हाती नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आमच्या मतदारसंघाच्या आमदारांनी महत्त्वाच्या विधेयकांवर आणि ठरावांवर कोणते मत दिले, याची एक वही मी करू लागलो आहे. विषय, तारीख आणि निकाल हे रकाने भरता येतात. मताचा रकाना मात्र बहुतेक ठिकाणी कोरा आहे.

संविधानाच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे सभागृहातील प्रश्नाचा निर्णय उपस्थित राहून मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतो, आणि गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज चालण्यास लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एक-दशांश सदस्य, म्हणजे आपल्या २८८ जणांच्या विधानसभेत २९ सदस्य पुरेसे असतात. मत कसे घ्यायचे हे सभागृह अनुच्छेद २०८ खाली केलेल्या आपल्या नियमांनी ठरवते आणि रोजची पद्धत आवाजी मतदानाची आहे. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, बाजूचे सदस्य ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात, आणि कोणता आवाज मोठा हे अध्यक्ष जाहीर करतात. कोणी त्या निर्णयाला वेळीच आव्हान देऊन मतविभागणी मागितली तरच डोकी मोजली जातात. एरवी कार्यवृत्तात विधेयक संमत झाल्याची नोंद होते. कोण बाजूने होते, कोण विरोधात होते आणि कोण त्या वेळी सभागृहाबाहेर होते, यांपैकी काहीच उरत नाही. दूध संघांच्या आणि साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांत ‘मंजूर, मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांचा एकच गलका आपल्या जिल्ह्याने कितीतरी वेळा ऐकला आहे. त्या गलक्यातून कोणा एका सभासदाचे मत वेगळे काढता येत नाही, तसेच येथेही होते.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचे उदाहरण या दृष्टीने मला फार महत्त्वाचे वाटते. नागरिकांच्या स्वातंत्र्याशी थेट संबंध असलेले हे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, त्यावर बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या, आणि १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. डहाणूचे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य विनोद निकोले यांनी सभागृहात आपला विरोध स्पष्ट नोंदवला, म्हणून त्यांची भूमिका आज कोणालाही सांगता येते. त्यांच्याशी सहमत व्हावे की न व्हावे हा प्रत्येकाचा प्रश्न आहे, पण डहाणूच्या मतदाराला जी माहिती मिळाली ती राज्यातल्या इतर मतदारांना तितक्या नेमकेपणाने मिळाली नाही. या विधेयकाविरुद्ध बाहेर सभांत जोराने बोलणाऱ्या पक्षांनी त्या दिवशी मतविभागणीचा आग्रह धरला असता, तर एकेक नाव कायमचे कागदावर आले असते. ती संधी दवडली गेली याबद्दल मला विरोधी बाकांविषयीही तक्रार आहे.

मराठा आरक्षणाच्या विधेयकाबाबत, म्हणजे २० फेब्रुवारी २०२४ च्या विशेष अधिवेशनात दहा टक्के आरक्षणाचा जो कायदा झाला त्याबाबत, मताची शंका नाही, कारण तो एकमताने संमत झाला. मात्र तो ज्या दिवशी मांडला गेला त्याच दिवशी दोन्ही सभागृहांतून पार पडला. आधीचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला होता. त्यामुळे नव्या कायद्यातील तरतुदी न्यायालयात कशा टिकतील, यावर आपल्या आमदारांचे काय म्हणणे आहे, हे २६ जुलै १९०२ रोजी पन्नास टक्के आरक्षणाचा आदेश निघालेल्या या नगरीतल्या मतदाराला समजायला हवे होते. एकमत झाले की चर्चा नको, असे मानणे मला पटत नाही.

मते मोजणे सभागृहाला जमत नाही असे मुळीच नाही. सरकार टिकण्याचा प्रश्न आला की मोजणी होते. ३ जुलै २०२२ रोजी अध्यक्षांच्या निवडणुकीत १६४ विरुद्ध १०७ आणि दुसऱ्याच दिवशी विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९ अशी शिरगणती झाली, आणि कोण कोणत्या बाजूला उभा राहिला हे साऱ्या राज्याने पाहिले. उलट १२ नोव्हेंबर २०१४ रोजी विश्वासदर्शक ठरावच आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले आणि त्यावर मोठा वाद उसळला. त्या वादाचे कारण उघड होते: आवाजावरून बहुमत ठरवणे विरोधकांना मान्य नव्हते. सरकारच्या अस्तित्वाबाबत जो आक्षेप रास्त ठरतो, तो नागरिकांच्या हक्कांविषयीच्या कायद्याबाबत तितकाच रास्त का मानू नये?

संविधानाशी राज्याच्या आमदाराचा संबंध काय, असे मला कधी कधी विचारले जाते. या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर आपल्या सहकाराच्या क्षेत्रातच आहे. ९७ वी घटनादुरुस्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये अमलात आली; तिने सहकारी संस्थांसाठी संविधानात स्वतंत्र भाग घातला, संचालकांची संख्या २१ पेक्षा जास्त असू नये आणि मुदत पाच वर्षांची असावी, असे नियम घालून दिले. त्यानुसार महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला सहकार कायदा बदलला, आणि त्याचा परिणाम आपल्याकडच्या विकास सोसायटीपासून जिल्हा बँकेपर्यंत सर्वांनी अनुभवला. परंतु सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय आहे, आणि राज्यांच्या कायदे करण्याच्या अधिकारावर परिणाम करणाऱ्या दुरुस्तीला अनुच्छेद ३६८ प्रमाणे किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचे अनुसमर्थन, म्हणजे ठरावाने दिलेली मान्यता, लागते. ते घेतलेच गेले नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही त्रुटी दाखवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी तो निर्णय मुख्यतः कायम केला. बहुराज्य, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या, संस्थांपुरता तो भाग दोन न्यायमूर्तींनी टिकवला, तर न्या. के. एम. जोसेफ यांनी तोही टिकत नाही असे वेगळे मत लिहिले. राज्यांच्या आमदारांना विचारले नाही एवढ्या कारणावरून घटनादुरुस्तीचा मोठा भाग पडला. आमदाराच्या मताचे घटनात्मक वजन यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. त्या खटल्यात प्रत्येक न्यायमूर्तीचे मत नावानिशी छापले आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

जिथे अनुसमर्थन घेतले गेले, तिथे आपल्या विधानमंडळाने ते दिले आहे. वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीला २९ ऑगस्ट २०१६ च्या विशेष अधिवेशनात ठरावाने मान्यता देण्यात आली. राज्याची करआकारणीची सत्ता कायमची बदलणारा तो ठराव होता. संसदेत अशा दुरुस्तीला विशेष बहुमत लागत असल्याने मते मोजावीच लागतात. महिला आरक्षणाच्या दुरुस्तीवर २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असे मतदान झाले, आणि विरोधातली दोन मते असदुद्दीन ओवैसी व छत्रपती संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांची होती हे सर्वांना ठाऊक आहे. खासदाराची जी भूमिका इतकी सहज सांगता येते, ती आमदाराची का सांगता येऊ नये?

याला पक्षादेशाचे (व्हिपचे) उत्तर दिले जाते. दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकते, मग वैयक्तिक मताला अर्थ काय उरतो, असा तो युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे, पण तो पुरा नाही. पक्षांतरबंदीचा कायदा वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच असे म्हटले की सदस्यत्व घालवणारा आदेश सरकारवरील विश्वास आणि पक्षाच्या मूलभूत धोरणाचे प्रश्न यांपुरता असावा. त्याआधी १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने तो विश्वास-अविश्वासाच्या ठरावांपुरता ठेवण्याची शिफारस केली होती. म्हणजे इतर असंख्य विधेयकांवर आमदाराने आपली बुद्धी वापरावी, हीच अपेक्षा होती. आणि पक्षादेश असला तरी तो होता हे मतदाराला कळायला काय हरकत आहे?

शक्तिपीठ महामार्गासारखा प्रश्न या वहीत बसत नाही, कारण मार्गाचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आहे. आमदाराचे मत त्याला लागते ते अर्थसंकल्पावर आणि पुरवणी मागण्यांवर, आणि त्याही आवाजानेच मंजूर होतात. जिल्ह्यात ज्यांनी या रस्त्याला विरोध केला त्यांनी निधीच्या मागण्यांवर काय केले, हे मला जाणून घ्यायचे आहे.

येत्या अधिवेशनाआधी मी आमदारसाहेबांना एक पत्र देणार आहे. अधिवेशन संपल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी आपल्या कार्यालयात एक कागद लावावा, आणि त्यात प्रत्येक विधेयकाचे नाव, ते मताला आले तेव्हा सभागृहात हजेरी होती की नव्हती, मत बाजूने की विरोधात, पक्षादेश होता की नव्हता आणि चर्चेत बोलले असल्यास कार्यवृत्ताची तारीख, एवढी माहिती द्यावी, अशी विनंती त्यात आहे. यासाठी कोणत्याही नियमाची दुरुस्ती लागत नाही आणि खर्चही नाही. जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत. इतर नऊ ठिकाणच्या वाचकांना पत्राचा मसुदा हवा असल्यास मी तो आनंदाने पाठवीन.