खिडकी सडली नव्हती, खालची चार बोटं सडली होती

आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या रस्त्याकडच्या खिडक्या काढा आणि यूपीव्हीसीच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या लावा, असं मला आतापर्यंत नणंदेने, समोरच्या भाभीने, एसी लावायला आलेल्या पोराने आणि एकदा तर रिक्षावाल्यानेसुद्धा सांगून झालंय (तो खाली उभा होता, झडप वाऱ्याने आपटली, त्याने वर बघितलं आणि सल्ला दिला, बडोद्यात सल्ला फुकट मिळतो). शेवटी म्हटलं मागवू या कोटेशन. मुलगा आला, लेझरवालं मीटर लावून मापं घेतली, फोटो काढले, आणि तो जिना उतरायच्या आत व्हॉट्सॲपवर आकडा आला पण. आकडा राहू दे, मला खटकलं ते वेगळंच. त्याने एकही खिडकी उघडून बघितली नाही.

उघडून, हात लावून बघितली असती तर त्यालाही दिसलं असतं की झडपा वरून ठणठणीत, मधून ठणठणीत, आणि खालच्या आडव्या पट्टीचा फक्त कोपरा भुसभुशीत, तीन-चार बोटं. तेवढ्यासाठी अख्खी खिडकी, चौकट, गज, पितळी कड्या सगळं भंगारात? माझा जीवच होईना. ह्यांचं म्हणणं होतं की तू उगाच जुन्याला धरून बसतेस, आणि आईंचं म्हणणं होतं की जे करायचं ते गणपतीच्या आत करा.

मग वाडी भागातले एक मिस्त्रीकाका मिळाले, सत्तरीच्या पुढचे, नवीन फर्निचरचं काम आता घेतच नाहीत. त्यांची तपासायची पद्धत बघण्यासारखी. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चौकट वरपासून खालपर्यंत टकटक वाजवत यायचं, कान त्या आवाजाकडे, भरीव वाजलं तर पुढे, पोकळ वाजलं की थांबायचं आणि तिथे टोक टोचून बघायचं. टोक आत गेलंच नाही तर लाकूड चांगलं, बोटभर आत गेलं तर तेवढा भाग काढायचा. बाकी रंगाचे पोपडे, काळे डाग, भेगा ह्यांच्याकडे ते बघतही नव्हते. शेवटी म्हणाले, "बेन, आ तो सागनुं छे, आने कोण काढे?" आणि रंधा मारून निघालेली पहिली साल नाकाशी धरून म्हणाले, वलसाडी. जुन्या सागाला एक चामड्यासारखा, तेलकट वास येतो, साठ-सत्तर वर्षांनी पण येतो, मला पण हुंगायला दिली. दक्षिण गुजरातेतल्या डांगच्या जंगलातला हा साग. तो आणायला गायकवाडांच्या काळात बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत छोटी नॅरोगेज रेल्वे टाकली होती, 1913 ची. त्या जंगलातल्या मोठ्या, जुन्या झाडांचा गाभा वापरायचे तेव्हा, आणि सागाच्या गाभ्याला उधई (वाळवी) सहसा लागत नाही कारण त्यात जी तेलं असतात ती तिला चालत नाहीत. सालीजवळचं फिकट लाकूड मात्र खुशाल खाते. आज दुकानात "सागवान" म्हणून जे मिळतं त्यात लवकर वाढवलेल्या झाडाचं फिकट लाकूडच बरंच असतं. म्हंजे आपण जे काढून टाकतो ते परत विकत मिळतंच असं नाही, हे कोणी कोटेशनमध्ये लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. कोपरा सडला कशाने? सागाचं लाकूड असं उगाच सडत नाही, पाणी साचून राहिलं तरच सडतं. आमच्याकडे काय झालं होतं की कधीतरी बाहेरून प्लास्टर करताना गवंड्याने खिडकीच्या खालच्या कट्ट्यावर सिमेंटचा जाड थर दिला, आणि उतार दिला तो आतल्या बाजूला! म्हणजे पावसाचं पाणी रस्त्याकडे जायच्या ऐवजी चौकटीकडे येऊन बसायचं. शिवाय आधीच्या कोणीतरी सडलेल्या भागात व्हाइट सिमेंट भरून वरून ऑइल पेंट मारलेला. हे सर्रास करतात आणि ह्याच्यासारखा वाईट इलाज नाही, कारण लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, सिमेंट बसतं तिथंच, मग मध्ये केसाएवढी फट पडते, त्यातून पाणी आत जातं आणि वरच्या रंगामुळे बाहेर यायला वाट राहत नाही. बाहेरून खिडकी चकाचक आणि आत चिखल. म्हणून काकांनी पहिल्या दिवशी लाकडाला हातच लावला नाही, गवंड्याला बोलवा म्हणाले. कट्टा फोडून बाहेर उतार करून घेतला, आणि त्याच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घेतली, म्हणजे कडेवरून ओघळणारं पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं, भिंतीवर परत चढत नाही. एवढीशी खाच! आमच्या गल्लीतल्या जुन्या घरांना सगळीकडे आहे, नवीन कामात मला कुठं दिसली नाही.

मग लाकूड. सडलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढला, सरळ नाही, तिरका. तिरक्या कापामुळे सांध्याला चिकटायला जागा जास्त मिळते आणि कापाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवला की पाणी सांध्यात थांबत नाही. तुकडा पण जुन्याच सागाचा, जुन्या लाकडाच्या वखारीतून आणलेला, आणि रेषा मूळ लाकडाच्या रेषांशी जुळवून, कारण लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगतं, रेषा आडव्या-उभ्या झाल्या की एक फुगणार आणि दुसरं नाही, सांधा उकलणार. बसवायच्या आधी कापलेल्या तोंडाला जवसाचं तेल पाजलं, पाणी लाकडात सगळ्यात जास्त त्या कापलेल्या तोंडातूनच शिरतं. तेल चोपडल्या चोपडल्या गायब होत होतं, परत लावा, परत गायब. चिकटवायच्या जागेला मात्र तेल लागू द्यायचं नाही, नाहीतर गोंद धरत नाही, त्यासाठी काका तेलाचा बोळा हातात असताना दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नव्हते.

झडप उतरली होती, म्हंजे बंद करताना उचलून लावायला लागायची, त्याचं कारण तर अगदीच किरकोळ निघालं. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले. भोकं मोठी झालेली म्हणून स्क्रू नुसते गोल फिरत होते. बांबूच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासल्या, रात्रभर वाळू दिल्या, सकाळी बारीक भोक पाडून पितळी स्क्रू लावले. झालं. ही खिडकी "आता बंदच होत नाही" म्हणून आमच्याकडे दोरीने बांधलेली असायची, वर्षानुवर्षं.

ज्यांच्या खिडक्या पावसाळ्यात अडकतात त्यांना एक सांगायचंय, प्लीज श्रावणात रंधा मारू नका. पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगलेलं असतं, तेव्हा घासून मापात आणलं की उतरायणपर्यंत एवढी फट पडते की पतंगाचा मांजा आत येईल. पावसात अडकली तर कडेला मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासा आणि वेळ काढा. खरं काम उन्हाळ्यात करायचं, आणि तेव्हा पण अगदी घट्ट बसवायची नाही, पावसाळ्यातल्या फुगण्याला जागा सोडायची. काकांनी झडप बंद करून चारी बाजूंनी फटीत दोन नाणी एकत्र धरून फिरवली, रुपयाची, जिथे अडली तिथे रंध्याचा एक हात, परत नाणी. हे काम मी समोर बसून बघत होते, चहा गार झाला तरी हललं नाही कोणी.

काच बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, मी स्वतः केली. बाजारात तयार डबा मिळतो पण खडूची भुकटी आणि जवसाचं तेल एवढंच तर असतं त्यात, पोळीच्या कणकेसारखं मळायचं, हाताला चिकटायचं थांबलं की झाली. आधी काचेच्या खाचेतली जुनी वाळलेली लांबी पटाशीने काढायची, हे सगळ्यात कंटाळवाणं, घाई केली तर काच जाते. खाचेला तेलाचा हात देऊन ठेवायचा नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं तेल ओढून घेतं आणि ती महिनाभरात तडकते. मग लांबीचा पातळ थर, त्यावर काच, बारीक चुका (खिळे) मारून अडकवायची, वरून परत लांबी आणि पट्टीने तिरकी सारखी करायची. वाळायला दिवस नाही, आठवडे लागतात. रंग मारताना तो लांबीवरून काचेवर दोन मिलिमीटर यायला हवा, रंगाऱ्याला वाटतं हे गबाळं काम, तो ब्लेडने खरवडून टाकायला बघतो, त्याला थांबवायचं, त्या दोन मिलिमीटरमुळेच काच आणि लांबीच्या मधे पाणी जात नाही. आमच्या वरच्या तावदानांच्या काचा जुन्या, लाटा-लाटांच्या आहेत, समोरचा विजेचा खांब त्यातून वाकडा दिसतो. काच म्हणे हळूहळू खाली वाहते म्हणून तशी होते, असं शाळेत कोणीतरी सांगितलेलं. तसं काही नसतं, तेव्हा काच बनवायची पद्धतच अशी होती की ती एकसारखी यायची नाही.

रंगाचं मात्र गंमतीत घेऊ नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर नको हा नियम 2016 मध्ये आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, म्हणजे त्याच्या आधीचे जे थर आपल्या दारं-खिडक्यांवर आहेत त्यांचा भरवसा नाही. कोरडा पॉलिशपेपर मशीनवर लावून धूळ उडवायची नाही, ब्लो लॅम्पने जाळायचं तर अजिबात नाही. पाणी मारून घासायचं, खाली प्लॅस्टिक, तोंडाला मास्क, पोरं दुसऱ्या घरी. आमच्याकडे पाच थर निघाले, वरून खाली चॉकलेटी, क्रीम, निळा, परत निळा आणि सगळ्यात खाली हिरवा. आईंनी तो हिरवा बघितला आणि लगेच ओळखला, त्यांच्या लग्नातला. झालं, परत हिरवाच लावला.

आता कोणी म्हणेल की ही आवडीची गोष्ट आहे, बाकी प्लॅस्टिकची खिडकीच बरी. काही बाबतीत बरीच आहे, खोटं कशाला बोलू. आवाज. आमच्या गल्लीत गणपतीची मिरवणूक निघाली की डीजेने काच थरथरते, कडेला रबरी पट्टी लावली तरी थरथरते, तिथे डबल काचेची बंद खिडकी नक्कीच जास्त चांगलं काम करेल. दवाखान्यासमोर किंवा हायवेवर राहत असाल तर मी तुम्हाला लाकडी खिडकीची भक्ती शिकवायला येणार नाही. पण स्लायडिंग उघडून उघडून अर्धीच उघडते, बडोद्याच्या मे महिन्यात संध्याकाळचा वारा अर्ध्या खिडकीतून घ्यायचा हे मला जमणार नाही. आणि त्याचं चाक तुटलं की त्याच मापाचं चाक शोधत फिरावं लागतं. बिजागरी कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळते.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी गावात घुसली तेव्हा समा भागात आमच्या एका मैत्रिणीच्या घरात पाणी होतं. पार्टिकल बोर्डचं सगळं, कपाटं, बेडचे बॉक्स, मॉड्युलर किचनची खालची दारं, फुगून पापुद्रे सुटले, ट्रॉली भरून टाकून दिलं. तिच्या जुन्या सागाच्या दाराला गाळ लागला, तो धुतला, दार सावलीत वाळू दिलं, महिन्याभराने परत बंद व्हायला लागलं. (उन्हात नाही वाळवायचं, एकदम वाळलं की तडा जातो.)

सगळंच वाचलं असंही नाही. मागच्या मोरीकडची खिडकी कुठल्यातरी हलक्या लाकडाची होती, स्क्रू ड्रायव्हर वरपासून खालपर्यंत आत गेला, आणि भिंतीतून उधईची मातीची नळी सरळ चौकटीत. काकांनी मान हलवली. तिथे ॲल्युमिनियमची लावली, आधी भिंतीचं उधईचं काम करून, नाहीतर उधई पुढच्या लाकडाकडे जाणारच होती. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, सडलेलं लाकूड वाचवत बसायला मी काही म्युझियम चालवत नाही. रस्त्याकडच्या सगळ्या मिळून खर्च आला तो त्या व्हॉट्सॲपवाल्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, आणि त्यातला मोठा भाग मजुरी, म्हणजे पैसा एका माणसाच्या हातात गेला.

समोरच्या भाभीने मात्र मधल्या काळात तिच्या काढूनच टाकल्या. भंगारवाला हातगाडीवर चढवत होता तेव्हा मी खाली गेले आणि दोन झडपा आणि एक चौकट किलोच्या भावात घेऊन आले, पुढच्या दुरुस्तीला तुकडे लागतील म्हणून. जिन्याखाली उभ्या करून ठेवल्यात, आई रोज विचारतात हे आता इथं किती दिवस. दिवाळीनंतर जिन्याची खिडकी दुरुस्तीला काढायची आहे, काकांना आत्ताच सांगून ठेवलंय, कारण त्यांच्याकडे आता नंबर लावायला लागतो.